सुधारायला घेतलेली मुलं

लातूरला आमच्या घरासमोर मुलांचं वसतिगृह आहे. मार्च लागला की त्याच्या गॅलऱ्यांतून पुटपुट ऐकू यायला लागते. अंगात बनियन, पायात स्लिपर, हातात पुस्तक घेऊन मुलं या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत असतात. नुसत्या ओठांकडं पाहिलं तर जप चाललाय असं वाटावं. खाली मेसमध्ये कांदा परतल्याचा वास, आणि त्यात मिसळलेला रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा. झाडाला बारीक पांढरा मोहर येतो आणि सकाळी झाडलेलं अंगण दुपारपर्यंत पुन्हा भुरकट होऊन जातं.

"परीक्षेचा वास सुटला बघ," बहीण दरवर्षी म्हणते. तिला तो वास आवडतो. तिची दोन्ही मुलं याच हंगामात, याच वासात अभ्यास करून डॉक्टरीला लागली. मला तो वास नको वाटतो. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं, नांदेडला.

मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवायची. नोकरीतले सगळे मार्च परीक्षेच्या हॉलमध्ये गेले. बाकांवर खडूनं लिहिलेले बैठक क्रमांक, कोपऱ्यातला माठ, पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणारे पेपर, कंपाउंडच्या भिंतीवर चढून खिडकीत चिठ्ठी टाकू पाहणारे कोणाचे तरी काका. दुपारी घरी जाताना रस्त्याकडेला हळद शिजवल्याचा ओलसर, मातकट वास यायचा. त्या सगळ्या मार्चांचा माझ्या डोक्यात एकच मार्च होऊन गेला आहे. एक सोडून.

त्या वर्षी रोजेही मार्चातच आले होते. दहावीचा भूगोलाचा, शेवटचा पेपर. माझ्या हॉलमध्ये आमच्याच शाळेचा एक मुलगा होता. पुरवणी बांधायला त्यानं दोरा मागितला. "मॅडम, दोरा द्या ना," एवढंच. गाठ नीट मारली, पेपर दिला आणि गेला. बाहेर मुलं एकमेकांच्या शर्टावर शाई उडवत होती. तासाभरानं नाक्यावरच्या रसवंतीसमोर त्याच मुलानं दुसऱ्या शाळेच्या एका मुलाच्या पोटात खंजीर घातला. कारण मोबाइलवरचा एक फोटो आणि त्याखाली कोणीतरी लिहिलेली एक ओळ. दवाखान्यात नेईपर्यंत तो मुलगा गेला होता. रसवंतीवाल्यानं चरकाचे घुंगरू काढून ठेवले. बरेच दिवस तो चरक मुका फिरत होता.

आमची कॉलनी नोकरदारांची. बहुतेकांची बिलोली-देगलूरकडं शेती, ती बटईनं देऊन मुलांच्या शिक्षणासाठी इथं घरं बांधलेली. मागं वस्ती. तिथं मेकॅनिक, शिंपी, हमाल, ट्रकवर जाणारे, किनवटकडून कामाला आलेले. कॉलनी आणि वस्ती यांच्यामध्ये एक मोकळा प्लॉट होता, बागेसाठी राखलेला. त्यात वेडी बाभूळ माजली होती आणि दोन्हीकडचा कचरा मात्र गुण्यागोविंदानं एकत्र पडायचा.

नाक्यावरच्या त्या प्रकारानंतर दत्तमंदिराच्या सभागृहात बैठक झाली. कॉलनीचे अध्यक्ष शिंदे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायची सवय असलेले. ते म्हणाले, "आपल्या दारापर्यंत आलंय आता. मागच्या वस्तीतल्या पोरांसाठी काहीतरी केलंच पाहिजे."

खंजीर चालवणारा मुलगा वस्तीतला नव्हता. कॉलनीतलाच, दुसऱ्या गल्लीतला, ज्या घराच्या फाटकावर जाई चढवलेली होती त्या घरातला. सभेत सगळ्यांना ते माहीत होतं. कोणी बोललं नाही. मुलाचे वडील आले नव्हते, आणि त्यांच्या जागी ठेवल्यासारखी पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी राहिली होती.

वस्तीतून एकटे रऊफभाई आले होते. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या ग्रिल आणि फाटकं त्यांच्या हातची. तरुणपणी ते व्हॉलीबॉल खेळायचे, जिल्ह्याकडून गेलेले. ते मागं उभे होते, तिथूनच बोलले.

"काका, करायचं तर सगळ्या पोरांचं करू. ह्याची न् त्याची अलग नको. हा प्लॉट साफ करू द्या. खांब मी लावतो, जाळी मी आणतो. संध्याकाळच्या टायमाला पोरगं दमलं पाहिजे, बस. दमलेलं पोरगं नाक्यावर जात न्हाई, सरळ घरी जातं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं होतं, भीतीतून का होईना, लोक एक झाले.

बाभळी तोडायला वस्तीतली मुलं आली, कॉलनीतली पण आली. एका दुपारी सगळ्यांचे हात काट्यांनी फाटलेले, आणि कोणाला टोचलेला काटा कोण काढतंय याचा पत्ता नाही, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आठवड्याभरात मात्र कॉलनीतली मुलं कमी झाली. कोणाचा सुट्टीतला क्लास सुरू झाला, कोणाला धुळीनं सर्दी झाली. मैदान वस्तीतल्या मुलांचं उरलं. रऊफभाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. "आज ना उद्या येतील," म्हणायचे आणि शिट्टी फुंकायचे. दिवसभराचा रोजा, ओठ सुकलेले, तरी शिट्टी खणखणीत वाजायची. मगरिबची अजान झाली की बॉल खाली ठेवायचा. गोदावरीच्या पात्रातली टरबुजं आणलेली असायची. मैदानात चाकू येणार नाही, फळ कापायलासुद्धा नाही, हा त्यांचा नियम होता. टरबूज गुडघ्यावर आपटून फोडायचं. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळायचं आणि गोल बसलेली ती मुलं, गजानन, इमरान, संतोष, बिया कोण किती लांब उडवतो याची शर्यत लावायची. मी सोबत खजूर घेऊन जायची. त्या वेळेला वारा फिरायचा. दिवसभर तापलेल्या मातीवर मुलांनी पाणी मारलेलं असायचं, तिचा वास यायचा.

गजाननबद्दल सांगायला हवं. त्या साऱ्या उन्हाळ्याचं माझ्यापुरतं काय झालं ते त्याच्यावरूनच कळतं.

तो आमच्याच शाळेचा, त्याच वर्षी दहावीला बसलेला. उंच, सावळा, डावखुरा. उंचीची लाज वाटत असल्यासारखा मान खाली घालून चालायचा. आई सुमन विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. वडील हैदराबादच्या ट्रकवर गेले ते हळूहळू यायचेच बंद झाले. पानटपरीमागं मोठ्या पोरांच्या मोटारसायकलींवर बसलेला गजानन मी वर्षभर पाहिला होता. मोबाइलवर खंजीर घेतलेला त्याचा एक फोटोही शाळेत फिरला होता. मैदानावर मी त्याला त्याबद्दल विचारलं.

"तो माझा नव्हता, मॅडम. फोटोपुरता मागून घेतला होता."

"कशाला पण?"

"हातात काही असलं की लोक नाव घेऊन बोलतात. नसलं की 'ए' म्हणतात."

मैदानावर त्याला सगळे 'गजा' म्हणत, ओरडून म्हणत. जाळीपलीकडून आलेला बॉल तो डाव्या हातानं असा खाली ठोकायचा की धूळ उडायची. तेव्हा मान वर असायची. पहिल्यांदा त्याच्या गळ्याची घाटी दिसली तेव्हा वाटलं, हा मुलगा इतका उंच आहे आणि आपल्याला माहीतच नव्हतं.

मग फलक आला. शिंदे काकांनी स्वतः छापून आणला, खांबांच्या मागं, रस्त्यावरून दिसेल असा लावला. 'वाट चुकलेल्या मुलांसाठी एक पाऊल.' खाली कॉलनीच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. मुलं खेळ थांबवून वाचत उभी राहिली.

"मॅडम, आम्ही कुठं चुकलो वाट?" गजानन म्हणाला. "ह्याच गल्लीत तर राहून राहिलो."

बाकीचे हसले. मीही हसले असेन. नंतर काकांकडं जाऊन मी म्हटलं, "शब्द बदलू या. नुसतं 'क्रीडांगण' लिहू."

"मॅडम, क्रीडांगण लिहिलं तर कोण लक्ष देतं? हे वाचलं की माणसाला कळतं, आपण काय करून राहिलोत ते." ते खरंच मनापासून म्हणत होते. त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं, आणि आजही मला त्यांच्यावर पूर्ण चिडता येत नाही, ही माझी अडचण आहे. वाईट माणसं असती तर सोपं होतं.

फलक लागल्यावर पोलीस ठाण्याचे साहेब भेट द्यायला आले. मुलांनी डोक्याला पाणी लावून भांग पाडले होते. साहेबांनी नवा बॉल दिला, पाठीवर थाप मारली, खेळाचं महत्त्व सांगितलं. सोबतच्या शिपायानं प्रत्येक मुलाला सरळ उभं करून मोबाइलवर फोटो काढला. "नाव सांग. पूर्ण सांग, बापाचं धरून." मुलांनी छाती काढून नावं सांगितली. त्यांना वाटलं, पेपरात येणार.

मे महिना नांदेडला माणसाला आत कोंडतो. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, कुलरच्या जाळीतून ओल्या वाळ्याचा वास येतो, आणि सगळी कॉलनी पडदे ओढून निपचित पडलेली असते. वस्तीत पत्र्यांखाली झोप येत नाही, म्हणून मुलं मैदानाच्या कडेच्या निंबाखाली पडून असायची. त्या सावलीत मी त्यांच्याशी बोलत बसायची. शिकवलं असं काही नाही. इमरानला मोटार दुरुस्ती शिकायची होती, संतोषला फौजेत जायचं होतं. गजानन म्हणायचा, "मला काय, मॅडम. रऊफचाचा ठेवून घेणार हायेत दुकानात. कॉलेज सकाळचं, दुकान दुपारी, बॉल संध्याकाळी." दिवसाचे तीन तुकडे करून तो बोटांवर ठेवायचा आणि चौथं बोट उगाच हलवायचा.

मेच्या शेवटाला मुख्य रस्त्यावरचं मोबाइलचं दुकान फुटलं. शटर वाकवून कोणीतरी माल नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ रंगात आलेला असताना साध्या कपड्यांतली दोन माणसं जाळीजवळ येऊन उभी राहिली. मुलांना वाटलं, बघायला आलेत. एकानं हसून बॉल मागितला. गजाननंच तो त्याच्याकडं टाकला. त्या माणसानं बॉल काखेत धरला, दुसऱ्या हातानं मोबाइल काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. पूर्ण नावं, बापाचं धरून.

त्यांनी गजानन, इमरान, संतोष आणि आणखी एकाला नेलं. रऊफभाई गाडीच्या मागं काही अंतर चालत गेले, गळ्यात शिट्टी तशीच.

ठाण्यात मी, रऊफभाई आणि सुमन गेलो. सुमनच्या हातांना पीठ होतं, ती मेसमधून तशीच आली होती. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, पोरं त्या रात्री घरी होती," रऊफभाई म्हणाले.

"सांगणारं कोण?"

"मी होते की घरी," सुमन म्हणाली. "माझ्या पायापाशी झोपला होता."

"आई तेच सांगणार." ते शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ही वाट चुकलेली मुलं आहेत असा बोर्ड तुम्हीच लोकांनी लावलाय ना? एरियात चोरी झाल्यावर आम्ही सुरुवात कुठून करायची, तुम्हीच सांगा."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. मी चहा तसाच ठेवला, एवढंच मला करता आलं.

बाकीच्यांचे वडील आले, मोठे भाऊ आले. बाल न्याय मंडळासमोर उभं करून त्या मुलांना घरच्यांच्या ताब्यात दिलं. गजाननच्या मोबाइलात तो खंजिराचा फोटो सापडला होता. घरी बाप नाही, आई दिवसभर कामावर. मंडळाकडून चौकशीला आलेल्या माणसानं कॉलनीत विचारलं, तेव्हा शिंदे काका म्हणाले, "मुलगा मुळात वाईट नाही. पण संगत वाईट. संध्याकाळी बघावं तर त्या प्लॉटवर त्याच पोरांसोबत असतो." ज्या मैदानासाठी दत्तमंदिरात टाळ्या वाजल्या होत्या, तेच आता वाईट संगत म्हणून कागदावर गेलं. गजाननला निरीक्षणगृहात पाठवलं.

मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा तो दारातून आला आणि मान पुन्हा खाली. आखूड झालेला शर्ट घातलेला, कोणाचा तरी. रऊफभाई सोबत होते. त्यानं घरचं काही विचारलं नाही.

"चाचा, मैदानाला पाणी कोण मारून राहिलंय?"

"हाय ना, पोरं हायेत की. मारतात रोज," रऊफभाई म्हणाले.

पोलीस येऊन गेल्यापासून मैदानावर कोणी फिरकत नव्हतं.

दहावीचा निकाल त्याच दिवसांत लागला. गजानन पास झाला होता. कुठल्याच विषयात राहिला नव्हता, मराठीत तर चांगले गुण होते. सुमनच्या घरात, तिच्या माहेरात, नवऱ्याच्या घरात, कोणीच दहावी पास झालेलं नव्हतं. ती पेढे घेऊन आली. निरीक्षणगृहाच्या दारावरच्या माणसानं बाहेरचं खाणं आत जात नाही म्हणून सांगितलं. तिनं वाद घातला नाही. तिथंच डबी उघडली आणि त्यालाच पेढा दिला. "पोरगा पास झाला," म्हणाली. त्यानं पेढा खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि आम्हाला आत सोडलं.

गजाननला सांगितलं तेव्हा त्याचा आधी विश्वास बसला नाही. "सगळ्यात?" त्यानं विचारलं. मग, "शाळेत फळ्यावर नाव लिहिलं का, मॅडम?"

"फळ्यावर वरच्या मुलांचीच लिहितात रे."

"हाव," तो म्हणाला. "तसं तर तसं."

चोर सापडले. देगलूरच्या पुढं, राज्याच्या सीमेपलीकडं माल विकताना. मोठी माणसं होती, बाहेरची, आमच्या मुलांनी त्यांची तोंडंही पाहिलेली नव्हती. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मी ते पान घेऊन शिंदे काकांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"बरं झालं. पोराची सुटका होईल." पेपर घडी घालून परत दिला. "पण मैदानाचं आता नको, मॅडम. एकदा पोलीस आले म्हणजे नाव खराब झालं. आपल्यालाही पोरीबाळी आहेत. धोका कशाला पत्करायचा?"

"कसला धोका, काका? मुलांनी काही केलंच नव्हतं."

"ह्या वेळेला नव्हतं केलं," ते म्हणाले.

या चार शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. चुकीचा आळ येऊन गेला की माणूस मोकळा होतो अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. आळ खोटा ठरला तरी लोक तो मोडीत काढत नाहीत, पुढच्या वेळेसाठी ठेवून देतात.

सुटायच्या दिवशी रऊफभाई आणि सुमन ऑटो घेऊन गेले, मीही होते. दारासमोर आधीच एक पांढरी जीप उभी होती. आमच्या भागात निवडणुकीची तयारी करणारा एक तरुण पुढारी, सगळे त्याला नुसतं 'भाऊ' म्हणत, आपली पोरं घेऊन आला होता. पानटपरीमागची तीच पोरं. गजानन बाहेर आला तेव्हा भाऊनं त्याच्या गळ्यात हार घातला. झेंडूचा, मोठा. कोणीतरी फोटो काढले. भाऊनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "खोट्या केसमध्ये आपला वाघ आत होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चल, गजानन."

त्यानं नाव घेऊन हाक मारली होती.

गजाननं आईकडं पाहिलं, मग रऊफभाईंकडं. रऊफभाई म्हणाले, "घरी चल बेटा, आईनं जेवण केलंय."

"येतो चाचा, ह्यांना जरा भेटून," तो म्हणाला आणि जीपमध्ये चढला. आमच्या ऑटोत एक जागा रिकामी घेऊन आम्ही परत आलो. सुमन सारा रस्ता बाहेर बघत होती. मी तिला काय सांगणार होते? कॉलनीनं तिच्या मुलाला सुधारायला घेतलं होतं. त्या माणसानं नुसतं 'चल' म्हटलं. तो खोटा होता, त्याला मुलाचं काही पडलेलं नव्हतं, हे मला ढळढळीत दिसत होतं. पण खोट्या केसला खोटी म्हणणारा, चारचौघांत, मोठ्या आवाजात म्हणणारा, साऱ्या गावात तो एकच निघाला.

आठवड्यानं कॉलनीनं प्लॉटला कुंपण घालायचं ठरवलं आणि फाटकाचं काम रऊफभाईंनाच विचारलं. त्यांच्याएवढं बळकट कोणी करत नाही, असं शिंदे काका म्हणाले. रऊफभाईंनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कटर घेऊन आले आणि जाळीचे दोन्ही खांब बुडातून कापले. ठिणग्या उडत होत्या. कॉलनीतली माणसं गॅलऱ्यांतून पाहत होती. इमरान आणि संतोष, दोघं खांब खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं गेले. मला त्यांनी थांबून एवढंच सांगितलं, "दुसऱ्यानं कापले असते तर बघवलं नसतं, मॅडम."

तिथं आता बाग आहे. लॉन आहे, बाकं आहेत, सकाळी ज्येष्ठ मंडळी हात वर करून जोरजोरात हसतात. वस्तीकडच्या बाजूला फाटक नाही.

अकरावीच्या प्रवेशासाठी मी गजाननला घेऊन एका कॉलेजात गेले होते. तिथल्या माणसानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि वर विचारून सांगतो म्हणाला. पुन्हा गेलो तेव्हा जागा भरल्या होत्या. तिसऱ्यांदा गजानन आला नाही. पुढं तो चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर दिसू लागला, भाऊच्या मागच्या रांगेत, काळा चष्मा लावून, मान वर. मला रस्त्यात दिसला की गाडीवरून उतरायचा. "मॅडम, काही काम असलं तर सांगा." मी म्हणायची, "तूच काहीतरी काम कर रे." तो हसायचा. रऊफभाईंच्या दुकानासमोरून जाताना मात्र गाडी हळू करायचा आणि न थांबता निघून जायचा. हे मला रऊफभाईंनीच सांगितलं. निवृत्त होऊन मी लातूरला बहिणीकडं आले आणि माझ्यापुरतं ते सगळं मागं पडलं, असं मला वाटलं.

गेल्या वर्षी भाऊच्या एका विरोधकावर हल्ला झाला. माणूस वाचला, पण एक हात कायमचा गेला. केसमध्ये भाऊचं नाव कुठंच नाही. पहिलं नाव गजाननचं. आता तो सज्ञान आहे.

परवा सुमनचा फोन आला. त्याला लातूरच्या तुरुंगात हलवलंय, भेटायला येऊन राहिले, तुम्ही सोबत येता का म्हणून. मी स्टँडवर तिला घ्यायला गेले. एसटीतून उतरली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. ऑटोत बसल्यावर तिनं भाऊबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीच विचारलं, वकील कोणी दिला.

"कोणी न्हाई. सरकारचाच हाय," ती म्हणाली.

तुरुंगाच्या बाहेर भिंतीच्या पट्टीएवढ्या सावलीत बायका बसल्या होत्या, पिशव्या मांडीवर घेऊन. आमचा नंबर यायला दुपार झाली. आधी सुमन आत गेली. लवकर परत आली. मग मी गेले.

काचेपलीकडं गजानन बसला होता. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले. फोन कानाला लावून तो आधी बहिणीच्या गावी कसं वाटतं, तब्येत कशी आहे, असं घरच्या माणसासारखं विचारत राहिला. शेवटी मी विचारलं ते शिक्षिकेसारखंच विचारलं.

"खरं सांग. तू केलंस?"

"हाव, मॅडम. ह्या वेळेला केलंय."

तो माझ्याकडं सरळ पाहत होता. मग त्यानंच पुढं सांगितलं, अगदी हळू, एखाद्या लहानाला समजावल्यासारखं.

"तवा तिथं असताना रोज रात्री रडू यायचं. पांघरूण तोंडात धरायचो. काहीच केलं नव्हतं ना. आता तसं न्हाई होत. आता पडलं की झोप लागती."

मागं उभ्या असलेल्या शिपायानं वेळ झाल्याची खूण केली. गजाननं फोन ठेवला आणि उठला. दारातून आत जाताना त्याला वाकावं लागलं.

बाहेर ऊन अंगावर आलं. सुमन पदर डोक्यावर ओढून भिंतीशी उभी होती. मला पाहून पुढं आली.

"मला तर कायच बोलला न्हाई. नुसतं 'कपडे आणले का' म्हणला. तुम्हाला काय म्हणला, मॅडम?"

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सगळं सांगता येत नव्हतं.

"झोप लागते म्हणाला."

तिनं डोळे मिटले. किती तरी वेळानं तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"तेवढं तर बरं झालं, बाई," ती म्हणाली.